शोरोचा प्ले-अलाँग सेट, आठ महिने वाजवल्यानंतर (जॅझ फ्लूटवाल्यांसाठी)

शोरो म्हणजे ब्राझीलचं जुनं वाद्यसंगीत, आणि प्ले-अलाँग सेट म्हणजे नोटेशनचं पुस्तक आणि ज्याच्याबरोबर आपण वाजवायचं तो साथीचा ऑडिओ. सरळ सांगतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच, पण घेऊ का नको एवढाच प्रश्न असेल तर घ्या, आणि जॅझ फ्लूट वाजवत असाल तर आजच ऑर्डर टाका, बाकीचं पार्सल येईपर्यंत निवांत वाचा.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. फ्लूट म्हणजे आडवी, चाव्यांची. लहानपणी बासरी शिकलो, कॉलेजात असताना ही फ्लूट हातात आली आणि मग जॅझ ऐकायला लागलो तो लागलोच. सहा-सात वर्षं झाली, दर शनिवारी संध्याकाळी फतेगंजला एका मित्राच्या घरी आम्ही चौघं जमतो, एक गिटार, एक बास, एक कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि मी. नेहमीचे स्टँडर्ड्स, म्हणजे जॅझवाल्यांना सगळ्यांना माहीत असलेली गाणी, वाजवतो, मधे सेव उसळ मागवतो, परत वाजवतो. तर मागच्या दिवाळीनंतर एकदा माझा लांबलचक सोलो झाला आणि गिटारवाला भाई म्हणाला, "यार सूर तर सगळे बरोबर लागतात तुझे, पण सोलो संपल्यावर मला त्यातली एकही ओळ गुणगुणता येत नाही." तो गुजराती, मी मराठी, पण आम्ही एकमेकांशी असंच बोलतो, मनात काही ठेवत नाही. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात आठवडाभर राहिलं कारण ते खरं होतं.

फ्लूटवाल्यांचं जॅझमधलं दुखणं काय आहे ते आधी सांगतो म्हणजे सेटचा फायदा कळेल. जॅझमधे फ्लूट तशी उशिरा आली आणि बाजूच्या दाराने आली. बँडमधला सॅक्सोफोनवाला एखाद्या गाण्यापुरती फ्लूट उचलायचा. फ्रँक वेस काउंट बेसीच्या बँडमधे टेनर सॅक्स वाजवायचा आणि फ्लूटही, एरिक डॉल्फीकडे आल्टो सॅक्स आणि बेस क्लॅरिनेट, युसेफ लतीफ टेनरवाला. ह्यूबर्ट लॉजसारखा मुख्यतः फ्लूटसाठीच ओळखला जाणारा माणूस त्या मानाने विरळा. हे सगळे थोर आहेत, मी त्यांनाच ऐकत वाढलोय, पण होतं काय की आपण फ्लूटवर जॅझ शिकतो ते सॅक्सच्या ओळी उतरवून शिकतो. सॅक्सला जे वजन आहे, खालच्या सुराला जी घरघर आहे, ती फ्लूटला नाही. तीच ओळ फ्लूटवर लांब स्लर करून, म्हणजे जीभ न लावता स्वर जोडत वाजवली की सगळे स्वर एकमेकांत मिसळून गुळगुळीत होतात. मग आपण वेग वाढवतो, वेग वाढवला की अजून गुळगुळीत.

शोरोत उलटं आहे. शोरो हे फ्लूटचं माहेर आहे.

आधी उच्चार. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण चोरो म्हणतो, मीही वर्षभर चोरोच म्हणत होतो, पण पोर्तुगीजमधे तो शोरो होतो. रिओ दि जानेरोमधे १८७० च्या आसपास हे संगीत आकाराला आलं. युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झ वगैरे नाच तिकडचे वादक आपल्या पद्धतीने वाजवायला लागले, आफ्रिकन वंशाच्या लोकांची लय त्यात मिसळली आणि हळूहळू तो स्वतंत्र बाज झाला. आणि त्याच्या अगदी सुरुवातीला जो माणूस उभा आहे तो फ्लूटवाला आहे, जोआकिम कालादो, जन्म १८४८. त्याच्या गटात एक फ्लूट, दोन गिटार आणि एक काव्हाकिन्यो म्हणजे चार तारांची छोटी गिटार. त्या वेळच्या गटांना 'लाकूड आणि तार' असं म्हणायचे, त्यातलं लाकूड म्हणजे फ्लूट, कारण ती एबनी या काळ्या लाकडाची असायची. पुष्कळ गटांत नोटेशन वाचता येणारा एकटा फ्लूटवालाच असायचा, बाकीचे कानाने साथ करायचे. त्याच काळात रिओत आणखी एक जबरदस्त फ्लूटवाला होता, बेल्जियमचा रायशर्ट, तो १८५९ मधे ब्राझीलला आला आणि बोहम या जर्मन कारागिराची नवी फ्लूट त्याच्याबरोबर आली, आज आपण वाजवतो ती तीच पद्धत. कालादो आणि रायशर्ट दोघंही १८८० मधे गेले, कालादो तर फक्त एकतीस वर्षांचा होता. मला हे वाचून आपलं बडोदं आठवलं, कारण इथे १८८६ मधे सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली, म्हणजे साधारण एकाच वेळी तिकडे आणि इकडे कानाने चालत आलेलं संगीत कागदावर उतरत होतं.

पुढे पातापियो सिल्वा, मग पिशिंगिन्या, बेनेदितो लासेर्दा, अल्तामिरो कारिल्यो, अशी दीडशे वर्षं सलग फ्लूटवाल्यांची रांग आहे. म्हणजे चाल फ्लूटसाठी बांधलेली, कुठे दम लागणार, कुठला स्वर कुठल्या सप्तकात चमकणार हे बांधणाऱ्याला स्वतःच्या ओठांवरून माहीत. जॅझमधून आलेल्या फ्लूटवाल्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते वाजवल्याशिवाय समजणार नाही.

आता सेट. एक पुस्तक आहे, दहा रचना, प्रत्येकीची चाल नोटेशनमधे आणि वर कॉर्ड्स. सोबत ऑडिओ, प्रत्येक रचना दोनदा, एकदा मूळ फ्लूटसकट आणि एकदा फ्लूट काढून, म्हणजे तुम्ही वाजवायचं. मागे खरी माणसं वाजवतायत, कॉम्प्युटरचं काही नाही, सात तारांची गिटार, साधी गिटार, काव्हाकिन्यो आणि पांदेरो. रेकॉर्डिंग अतिशय स्वच्छ आहे. मला पोस्टेजसकट साडेतीन हजारांच्या आत पडलं. ब्राझीलहून यायला दीड महिना लागला, त्यातले बारा-तेरा दिवस कस्टमला, आणि कुरिअरवाल्याने दारात दिलं तेव्हा पुस्तकाचे दोन कोपरे दुमडलेले होते, पाकिटावर पाण्याचे डाग. फोन केला तर म्हणे बघतो, अजून बघतायत. त्याचे मार्क मी सेटचे कापलेले नाहीत, तो दोष सेटचा नाही.

पहिल्या दिवशी मी कालादोची 'फ्लोर आमोरोझा' उघडली. बघायला सोपी वाटते. जॅझवाला माणूस म्हणून माझी सवय अशी की नोटेशन दिसलं की लगेच स्विंग करायचं, दोन स्वरांतला पहिला लांब दुसरा आखूड. ट्रॅक लावला आणि चौथ्या मात्रेला मी ट्रॅकच्या बाहेर. कारण तिथे स्विंग तसा नाहीच. दोन मात्रांचा ठेका, प्रत्येक मात्रेत चार समान भाग, आणि गंमत त्या चार भागांतला कुठला वाजवायचा आणि कुठला सोडायचा यात आहे. शोरोत एक आकृती सारखी सारखी येते, पहिला, दुसरा आणि चौथा भाग वाजतो, तिसरा मोकळा. तोंडाने म्हणायचं तर तकऽट, तकऽट. तबल्याच्या बोलांनी म्हणून बघितलं आणि दहा मिनिटांत बसलं, जे मेट्रोनोमने (टकटक करत लय मोजणाऱ्या यंत्राने) तासभर बसत नव्हतं. म्हणून आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना सांगतो, ही लय पुस्तकातून मोजत बसू नका, आधी बोलून घ्या, टाळी देत म्हणा, मग फ्लूट उचला.

आणि बडोद्यात वाढलेल्या माणसाला तर ऑफबीटची भीती नसतेच, नवरात्रात नऊ रात्री ढोल अंगावर घेऊन आपण मोठे झालोय. आमचा कहोनवाला नवरात्रात ढोल वाजवतो. त्याला मी पांदेरोचा ट्रॅक ऐकवला. पांदेरो म्हणजे आपल्या खंजिरीसारखं, चामडं आणि कडेला झांजा, पण वाजवायची तऱ्हा वेगळी, अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, परत टोकं, असं एकाच हाताने मात्रेचे चारही भाग भरतात आणि दुसरा हात नुसता धरत नाही तर मधल्या बोटाने चामडं आतून दाबून सूर बंद-उघड करतो. त्याने भजनी मंडळातून एक खंजिरी आणली. पण तिच्या झांजा फार वेळ किणकिणत राहायच्या, पांदेरोच्या झांजांचा आवाज कोरडा आणि आखूड असतो, मग त्याने प्रत्येक झांजेच्या जोडीत कापडी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला आणि तो आवाज बऱ्यापैकी जवळ आला. त्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा ट्रॅक बंद करून चौघांनी शोरो वाजवला, अर्धवटच, पण वाजवला.

मला नेमका काय फायदा झाला ते आता सांगतो.

सगळ्यात आधी जिभेचा. शोरोत मात्रेला चार स्वर अशी ओळच्या ओळ चालते आणि ती सगळी स्लर केली की मेली, सगळी टंग केली, म्हणजे प्रत्येक स्वर जिभेने तोडला, तरी मेली. दोन जोडायचे दोन तोडायचे, कधी तीन जोडून एक तोडायचा, आणि जोर बरेचदा मात्रेच्या मधल्या स्वरावर. माझं तु-कु तु-कु टंगिंग वर्षानुवर्षं कच्चं होतं, कारण जॅझमधे त्याच्यावाचून निभत होतं. इथे निभत नाही. मेट्रोनोम ६० ला लावून रोज वीस मिनिटं एकच भाग, दोन महिन्यांत ९२ पर्यंत आलो. आणि त्याचा परिणाम जॅझमधे असा की माझे स्वर आता वेगळे वेगळे ऐकू येतात, प्रत्येक स्वराला सुरुवात आहे. बासवाला म्हणाला की आता तू माईकपासून लांब उभा असलास तरी कळतं काय वाजवतोयस.

मग दम. पिशिंगिन्याची 'उम आ झेरो' म्हणून रचना आहे, अर्थ एक-शून्य. १९१९ मधे रिओत दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल स्पर्धेत ब्राझीलने उरुग्वेला एक-शून्यने हरवलं, त्या विजयावर बांधलेली. फुटबॉलसारखीच पळते, वर उडी खाली उडी, आणि ओळभर श्वास घ्यायला जागा दिसत नाही. मी आधी जिथे दम संपेल तिथे घ्यायचो, चाल तुटायची. मग मूळ ट्रॅकमधला फ्लूटवाला नीट कान देऊन ऐकला, तर तो काही स्वर चक्क गाळतो. विचारपूर्वक गाळतो, ज्या स्वराशिवाय कॉर्ड कळते तोच जातो, आणि त्या फटीत अर्धा घोट हवा. ऐकणाऱ्याला वाटतं की तो लयीशी खेळतोय. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आता माझ्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलने टिकली मारलेली आहे, कुठला स्वर सोडायचा त्याची. जॅझ सोलोत पण मी आता श्वास आधी ठरवतो आणि ओळ त्याप्रमाणे रचतो, आणि त्यामुळे ओळीला सुरुवात आणि शेवट यायला लागलाय.

तिसरी गोष्ट कॉर्ड्सची, आणि ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी. शोरोची चाल बघितली तर ती कॉर्डच्या स्वरांवरून चढत-उतरत जाते आणि मधे मधे अर्ध्या सुराने वरून किंवा खालून मुख्य स्वराला स्पर्श करते. बीबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातला वेगवान जॅझ, वाजवणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल, कारण सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या ओळी तशाच बांधलेल्या असतात. (पार्करने स्वतः १९५१ मधे 'तिको-तिको' रेकॉर्ड केलंय, ती मूळची शोरोचीच चाल.) उदाहरण देतो. सी, मग सी शार्प डिमिनिश्ड, मग डी मायनर, मग जी सेव्हन, हा प्रवास जॅझमधे शेकडो वेळा येतो. त्यातली दुसरी कॉर्ड, ती डिमिनिश्ड, मी कायम उडवून लावायचो, सी च्या सुरांवर तरंगत डी मायनरला पोचायचो, चालून जायचं. शोरोत ती कॉर्ड चालीतच लिहिलेली असते, सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट, एकेक स्वर स्पष्ट वाजवावाच लागतो, टाळता येत नाही. अशी दहा गाणी पाठ झाली की बोटांना ते रस्ते आपोआप माहीत होतात. मग शनिवारी जॅझ स्टँडर्डमधे तीच कॉर्ड आली आणि माझी बोटं त्या वाटेने गेली, मी ठरवलंही नव्हतं. गिटारवाला भाई वाजवता वाजवता माझ्याकडे वळून बघायला लागला.

यातच रचनेचा भाग येतो. जुन्या शोरोचे तीन भाग असतात, पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिला, मग तिसरा दोनदा, परत पहिला. प्रत्येक भाग बहुतेक सोळा बारचा (बार म्हणजे इथे दोन मात्रांचा एक घास) आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. एक दिवस मी गच्चीवर वाजवत होतो, आई पापड वाळत घालत होती, तिने गाणं वगैरे शिकलेलं नाही पण नाट्यगीतं रक्तात आहेत, ती म्हणाली, "हे बरंय रे, कुठे कुठे फिरून येतंय आणि मुखड्याला बरोबर घरी येतंय." मला तोवर ही रचना नुसती अक्षरांत माहीत होती, ए ए बी बी ए सी सी ए. आईच्या बोलण्यानंतर मी तिसऱ्या भागाचे शेवटचे दोन बार वेगळे वाजवायला लागलो, मुखडा पकडण्याच्या तयारीने, जसा गाणारा तान संपवताना मुखड्याकडे वळतो. तीन पट्ट्यांतून फिरून परत येण्याची ही सवय जॅझमधल्या पट्टी बदलणाऱ्या स्टँडर्ड्सना फार कामी येते, आधी पट्टी बदलली की मी दचकायचो.

आणि शेवटी सोलोचा प्रश्न, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं. जॅझमधे आपण चाल एकदा वाजवतो आणि मग तिला बाजूला ठेवून कॉर्ड्सवर आपलं आपलं रचत जातो. शोरोत चाल बाजूला ठेवत नाहीत. पहिला भाग एका सादरीकरणात चारदा येतो, दर वेळी थोडा वेगळा वाजवायचा, एखादा स्वर उशिरा, एखादी मुरकी, एखादी उडी उलटी, पण चाल ऐकू येतच राहिली पाहिजे. आपल्या गाण्यात बंदिशीचा मुखडा दर आवर्तनाला नवा रंग घेऊन येतो तसं. मी महिनाभर स्वतःला नियम घातला, चालीतले निम्मे स्वर तसेच राहिले पाहिजेत. फार कठीण गेलं, मोकळं सुटायची सवय होती ना. पण हाच नियम जॅझमधे नेला आणि पहिल्यांदा मला माझा सोलो रेकॉर्ड करून ऐकावासा वाटला. गाण्याची चाल आतून ऐकू येत होती.

पिशिंगिन्याबद्दल थोडं जास्त लिहितो, राहवत नाही. जन्म १८९७, मृत्यू १९७३, लहान वयातच फ्लूटवर रेकॉर्ड करायला लागला. १९२२ मधे त्याचा ओइतो बातुतास हा गट पॅरिसला गेला, सहा महिने राहिला, तिथे जॅझ कानावर पडला. १९१७ च्या सुमारास त्याने 'कारिन्योझो' बांधलं पण लोकांपुढे आणायला कचरला कारण शोरोला तीन भाग हवेत आणि याला दोनच होते. ते रेकॉर्ड झालं १९२८ मधे, आणि तेव्हा एका समीक्षकाने त्यावर अमेरिकन संगीताची छाप आहे म्हणून नावं ठेवली. आज ब्राझीलमधे ते गाणं लहान-थोर सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या सुरुवातीच्या कॉर्ड्स बघा, खालची कॉर्ड तीच राहते आणि मधला एक आवाज पंचमावरून अर्धा सूर वर, अजून अर्धा वर, आणि परत खाली येतो. सेटमधला हा ट्रॅक सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात खोल. नवीन माणसाने इथूनच सुरू करावं असं मी म्हणेन, पुस्तकात तो सातव्या नंबरला का ठेवलाय कळत नाही.

पुढे १९४० च्या दशकात पिशिंगिन्याने फ्लूट सोडून टेनर सॅक्स धरला आणि बेनेदितो लासेर्दाच्या फ्लूटबरोबर रेकॉर्डिंग्ज केली. वर फ्लूटची चाल आणि खाली सॅक्सचा समांतर चालणारा, तिच्याशी बोलणारा दुसरा आवाज. सॅक्स कुठेही फ्लूटला दाबत नाही, फ्लूट थांबली की तो बोलतो, फ्लूट पळाली की तो लांब स्वर धरतो. जॅझ फ्लूटवाल्याने हे रोज ऐकावं. मी आता आमच्यात कोणी दुसरा सोलो घेत असताना नुसता उभा राहत नाही, खालच्या सप्तकात दुसरा आवाज हळू वाजवतो. फ्लूटचं खालचं सप्तक सोलोला कमजोर म्हणून मी दुर्लक्षित केलं होतं, ते अशा कामाला किती गोड आहे. पिशिंगिन्याचा संग्रह इन्स्टिट्यूटो मोरेइरा सालेसकडे आहे आणि ऑनलाइन बघता-ऐकता येतो, सेट घ्यायच्या आधी तिथे एक संध्याकाळ घालवा.

बोसा नोव्हाबद्दल कोणीतरी विचारेलच. ब्राझील म्हटलं की जॅझवाल्यांना बोसा नोव्हाच आठवतो, अमेरिकन फ्लूटवाला हर्बी मान १९६२ मधे रिओला जाऊन वाजवून आला तेव्हापासून फ्लूट आणि बोसा हे समीकरणच झालंय. पण बोसा १९५० च्या दशकाच्या शेवटी आला, शोरो त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधीचा. बोसात फ्लूट हवेसारखी असते, छान वाटते, पण तंत्राचा कस लागत नाही. कस शोरोत लागतो. २०२४ मधे ब्राझीलने शोरोला अधिकृतपणे राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, मला तर फार उशिरा दिली असं वाटलं.

आता तो कापलेला अर्धा मार्क. एक म्हणजे ट्रॅक एकाच टेम्पोवर आहेत, सावकाश आवृत्ती दिलेलीच नाही. नवशिक्याने करायचं काय? मी मोबाईलवर ॲपने ७० टक्क्यांवर आणून वाजवतो, पण मग पांदेरोच्या झांजा घासल्यासारख्या येतात. दुसरं, कॉर्ड लिहायची ब्राझीलची पद्धत वेगळी आहे आणि पुस्तकात ती कुठेही समजावलेली नाही. सी च्या पुढे सात आणि मोठा एम लिहिलेला असेल तर तो मेजर सेव्हन आहे, आपण जॅझवाले पटकन मायनर समजतो, आमच्या गिटारवाल्या भाईने एक अख्खा शनिवार चुकीच्या कॉर्ड वाजवल्या आणि आम्ही सगळे विचार करत राहिलो की एवढं उदास का वाटतंय. तसंच काझा १, काझा २ असं दिसेल, काझा म्हणजे घर, पण इथे पहिला शेवट आणि दुसरा शेवट. एक पान याच्यासाठी द्यायला काय हरकत होती. आणि श्वासाच्या खुणा एकही नाही, फ्लूटच्या पुस्तकात ही चूक मला मोठी वाटते.

ट्रॅकची एक मर्यादाही लक्षात ठेवा. तिकडे शोरो रोदा म्हणून गोल बसून वाजवतात, टेबलाभोवती, पुष्कळदा समोर कागद न ठेवता, आणि सात तारांची गिटार खालच्या तारांवर फ्लूटला उत्तरं देत राहते. ट्रॅकमधली गिटार दर वेळी तेच उत्तर देणार. म्हणून दोन-तीन महिन्यांत गाणी पाठ झाली की ट्रॅक बंद करा आणि जी माणसं मिळतील त्यांच्याबरोबर बसा, सात तारांची गिटार नसली तरी चालेल, आमचा बासवाला ती उत्तरं बासवर द्यायला शिकतोय आणि खरं सांगायचं तर त्याचा जॅझमधला बाससुद्धा सुधारलाय. पाठांतर मात्र कराच. दहा गाण्यांचे सगळे भाग पाठ करताना कानाला जे वळण लागतं ते कागद बघून वाजवण्यात लागत नाही, आपल्या गुरुजींनी आपल्याला वही बंद करायला लावली होती ती यासाठीच.

कोणी घेऊ नये? अगदी नवीन शिकणाऱ्याने लगेच घेऊ नये, दोन सप्तकं स्वच्छ आणि मेजर-मायनर स्केल्स हातात आल्याशिवाय निराशा येईल. बासरीवाल्यांनी बासरीवर करून बघावं का असं मला एका जणाने विचारलं, 'कारिन्योझो' होईल, पट्ट्या बदलणारे बाकीचे जड जातील.

पुस्तकाची बांधणी घट्ट आहे, स्टँडवर पान उघडं राहत नाही, सारखं मिटतं. मी रावपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात देऊन कणा कापून स्पायरल करून घेतलं, दुमडलेले कोपरेही त्याने दाबून सरळ केले, तुम्ही पार्सल आल्या आल्याच करून घ्या. माझं सध्या 'उम आ झेरो' सुरू आहे, पहिले दोन भाग ९६ ला स्वच्छ जातात, तिसऱ्या भागाची मधली ओळ अजून ८४ च्या वर गेली की जीभ अडकते, रोज सकाळी ऑफिसच्या आधी तेवढी एकच ओळ घेऊन बसतो.